‘ताई, डिस्क बदलली का?’ : अल्टिमेट फ्रिस्बी हॉलमध्ये आणि मैदानावर

आमच्या गटात अकरावीतला एक मुलगा आहे. जूनमध्ये आला आणि पावसाळाभर आमच्याबरोबर हॉलमध्येच खेळला. हात चांगला, नजर त्याहून चांगली. सप्टेंबरात पावसानं चार दिवस उघडीप दिली, मैदान पायाखाली जरा घट्ट लागायला लागलं आणि आम्ही बाहेर पडलो. त्याचा पहिलाच थ्रो. हॉलमध्ये शंभर वेळा टाकला होता तसाच सरळ, साधा बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरून आडवा नेऊन टाकलेला थ्रो. डिस्क वीसेक फूट नीट गेली, मग नाक वर करून चढायला लागली, चढत चढत थांबली, आणि चक्क मागे फिरून त्याच्याच डोक्यावरून कुंपणाजवळच्या सुबाभळीत जाऊन बसली. पोरगा आधी स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. म्हणाला, “ताई, डिस्क बदलली का?”

डिस्क तीच होती, बदलला होता तो खेळ. दोन्हीकडे त्याला अल्टिमेटच म्हणतात, नियमही बहुतेक तेच, पण हॉलमधलं अल्टिमेट म्हणजे मैदानावरच्या खेळाची छोटी प्रत नव्हे. नेमका फरक कशानं पडतो हे त्या दिवशी सुबाभळीवर दगड भिरकावत मी त्याला तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. तेच इथं जरा नीट सांगते.

ज्यांनी खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. दोन संघ आणि प्लॅस्टिकची एक तबकडी, म्हणजेच डिस्क. व्यास साधारण २७ सेंटीमीटर म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा, वजन १७५ ग्रॅम. मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक पट्टा आखलेला असतो, तो एंड झोन. समोरच्या एंड झोनमध्ये आपल्या माणसानं डिस्क झेलली की गोल. डिस्क हातात असताना पळायचं नाही. एक पाय रोवायचा, दुसरा हवा तसा फिरवायचा आणि ठरलेल्या सेकंदांत डिस्क दुसऱ्याकडे द्यायची. डिस्क जमिनीवर पडली, रेषेबाहेर गेली किंवा समोरच्यानं मधेच अडवली की ताबा त्यांचा. पंच नसतो. फाउल झाला तर खेळाडूच सांगतो आणि खेळाडूच सोडवतो. ‘फ्रिस्बी’ हे व्हॅम-ओ कंपनीचं नोंदणीकृत नाव असल्यामुळे खेळाचं अधिकृत नाव नुसतं ‘अल्टिमेट’. बोलताना अर्थातच सगळे फ्रिस्बीच म्हणतात.

हा खेळ जन्मला तोही ना धड मैदानावर ना हॉलमध्ये. १९६८ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेपलवूडच्या कोलंबिया हायस्कूलमधल्या पोरांनी तो सुरू केला आणि सुरुवातीचे सामने ते शाळेच्या पार्किंगमध्ये, दिव्यांच्या उजेडात खेळले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळल्याबद्दल सेक्रेटरींची बोलणी खाल्लेल्या तमाम पुणेकर मुलांनी ही माहिती जपून ठेवावी.

गुंठ्यांचा हिशेब

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद. त्यातले दोन्ही टोकांचे १८-१८ मीटर एंड झोनचे, मधे उरतात ६४ मीटर. संघात सात जण. हॉलमधला खेळ साधारणपणे हँडबॉलच्या कोर्टावर बसवलेला आहे: ४० बाय २० मीटर, एंड झोन सहा-सहा मीटरचे, मधे २८ मीटर आणि संघात पाच जण.

कागदावर हे आकडे वाचून काही कळत नाही, म्हणून ते आपल्या मापात आणू. मैदान म्हणजे साडेछत्तीस गुंठे, एकराला थोडं कमी. हॉल म्हणजे जेमतेम आठ गुंठे. आता खेळाडूंनी भागा. बाहेर चौदा जणांत प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २८०० चौरस फूट येतात, आत दहा जणांत साधारण ८६०. म्हणजे बाहेर प्रत्येकाला एकेक बंगला आणि आत टू बीएचके. बंगल्यात दोन माणसं दिवसभर एकमेकांना न दिसता राहू शकतात. टू बीएचकेत स्वयंपाकघरातून बाहेर यायचं तरी कुणाला तरी “जरा सरका” म्हणावं लागतं. दोन्हीकडच्या डावपेचांमधला अर्धा फरक एवढ्यात आला.

उरलेला अर्धा वाऱ्याचा.

वारा नेमकं काय करतो

डिस्क उडते ती दोन गोष्टींवर. एक, तिच्या अंगावरून वाहणारी हवा तिला वर उचलते. विमानाच्या पंखाचं असतं तेच. दुसरी, तिची गिरकी. गिरकी नसेल तर ताट फेकल्यासारखी ती दोन कोलांट्या खाऊन पडेल. फिरत्या भोवऱ्याला बोटानं बाजूला टोचून पाहा. टोचलं त्या दिशेला तो पडत नाही, काटकोनात भलतीकडेच कलतो. डिस्कचंही तसंच. हवा तिचं नाक वेगात असताना खाली आणि वेग कमी झाला की वर ढकलायला बघते, आणि गिरकीमुळे तो धक्का बाजूच्या कलण्यात बदलतो. म्हणून उजव्या हाताचा बॅकहँड वेगात असताना थोडा उजवीकडे झुकतो आणि शेवटी वेग मरायला लागला की डावीकडे वळून उतरतो. फोरहँड, ज्याला मुलं फ्लिक म्हणतात, त्याचं बरोबर उलटं, कारण त्यात गिरकी उलट दिशेची असते.

आता वाऱ्याचं गणित, जे मला शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर फिजिक्सची इतकी धास्ती बसली नसती. हवेनं मिळणारी उचल वेगाच्या वर्गावर ठरते, आणि हा वेग जमिनीच्या हिशेबातला नसून हवेच्या हिशेबातला असतो. समजा तुम्ही सेकंदाला १२ मीटर वेगानं डिस्क टाकली. वारा सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. गच्चीत दोरीवरचे कपडे फडफडतील एवढाच. वारा समोरून असेल तर डिस्कच्या अंगावरून हवा १७ च्या वेगानं जाते. १२ चा वर्ग १४४, १७ चा वर्ग २८९. म्हणजे उचल दुप्पट! तोच वारा पाठीमागून असेल तर हवेचा वेग उरतो ७, वर्ग ४९. म्हणजे उचल एक-तृतीयांश. वारा एकच, डिस्क एकच, हाताचा जोरही तोच, आणि या टोकाकडून त्या टोकाकडे टाकताना डिस्कला मिळणाऱ्या उचलीत सहापट फरक.

आमच्या अकरावीवाल्याच्या बॅकहँडचं हेच झालं. हॉलमधल्या सवयीनं त्यानं नाक किंचित वर ठेवून टाकली. हॉलमध्ये ते खपून जातं, उलट डिस्क जरा तरंगते आणि झेलणाऱ्याला सोपी जाते. समोरच्या वाऱ्यात त्या किंचित वर असलेल्या नाकाखाली दुप्पट हवा घुसली. डिस्क चढली, चढता चढता तिचा वेग संपला, आणि मग वाऱ्यानं तिला घेऊन जायचं तिकडं नेलं. अशा वाऱ्यात नाक दाबून, खाली धरून टाकावी लागते आणि मनगटाचा झटका जास्त लागतो, कारण गिरकी जितकी जास्त तितकी डिस्क वाऱ्याला कमी बधते. पाठचा वारा असेल तेव्हा उलट: नाक जरा उचलून, थोडी वर सोडायची, नाहीतर ती दगडासारखी झेलणाऱ्याच्या पायाशी पडते. आडव्या वाऱ्याबद्दल मी इथं लिहीत नाही. तो लिहून कळत नाही, चार डिस्क कुंपणापलीकडे गेल्याशिवाय कळत नाही.

वारा थ्रोपुरताच असता तर ठीक होतं. तो अख्ख्या सामन्याचा हिशेब बदलतो. अल्टिमेटमध्ये प्रत्येक गोलनंतर संघांची दिशा बदलते. ज्यांनी गोल केला ते त्याच टोकाला उभे राहतात आणि तिथून समोरच्यांकडे डिस्क फेकून पुढचा डाव सुरू करतात. या फेकीला पुल म्हणतात. आता मैदानाच्या लांबीला धरून जोराचा वारा वाहतोय असं समजा. तुम्ही वाऱ्याच्या दिशेनं गोल केला. छान. पण पुढच्या डावात डिस्क समोरच्यांकडे आणि दिशाही वाऱ्याचीच, म्हणजे ते सहज फेडणार. मग पुन्हा तुम्ही, पुन्हा ते. असं एकास एक चालू राहतं. यात कुणी एकानं वाऱ्याविरुद्ध गोल मारला तर गंमत होते: पुढच्या डावात समोरच्यांना डिस्क मिळते खरी, पण त्यांनाही आता वाऱ्याच्या तोंडावरच चढायचं असतं. त्यांच्या हातून सुटली की तुम्ही वारा पाठीशी घेऊन मोकळे. म्हणून जाणते खेळाडू अशा दिवशी एकूण गोल नुसते मोजत नाहीत. वाऱ्याविरुद्ध किती झाले ते वेगळं लक्षात ठेवतात. १५ गोलांच्या सामन्यात असे दोन गोल निकाल लावून जातात.

वाऱ्यात आणखी एक प्रकार चालतो, जो नवख्याला वेडेपणा वाटतो. आपल्याच एंड झोनजवळ अडकलात, समोरून वारा आहे, छोटे पास धोक्याचे आहेत. अशा वेळी सरळ जितकी लांब जाईल तितकी डिस्क भिरकावून द्यायची. पडली तर पडली. ताबा गेला, पण समोरच्यांना आता साठ-सत्तर मीटर चालून यायचंय, आणि आपण तिघांचा ‘कप’ करून डिस्कवाल्याभोवती उभे राहणार. हे तिघं अर्धवर्तुळ धरून जवळचे पास बंद करतात, बाकीचे चौघे मागची जागा राखतात. वाऱ्यात डोक्यावरून लांब टाकणं अवघड असल्यामुळे हा झोन बचाव भारी पडतो. निवांत सकाळी हाच कप चाळणीसारखा गळतो.

पुण्यात हा वारा कधी भेटतो ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला मैदानावर पान हलत नाही. नव्यांना शिकवायला याहून चांगला काळ नाही, फक्त दवानं गवत आणि बूट चिंब होतात. एप्रिल-मेमध्ये दिवसभर भट्टी आणि संध्याकाळी पश्चिमेकडून घाटावरून वारा सुटतो. तो अंगाला कितीही गोड लागला तरी हॅमर टाकणाऱ्याला रडवतो. (हॅमर म्हणजे डोक्यावरून, डिस्क उलटी करून टाकलेला थ्रो. दिसतो झकास.) जून ते सप्टेंबर वारा, पाऊस आणि चिखल तिन्ही एकदम. ओल्या बोटांतून डिस्क निसटते, गिरकी मिळत नाही, आणि गिरकी नसलेली डिस्क म्हणजे काय ते वर सांगितलंच. साइडलाइनला कोरडा टॉवेल लागतो, आणि तो दहा मिनिटांत कोरडा राहत नाही.

इथं बॅडमिंटनची आठवण येते. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांत तो खेळ ‘पूना’ नावानं ओळखला जायचा आणि तेव्हा तो उघड्यावर खेळत. पण शटलला झुळूकही सोसत नाही. शेवटी तो खेळ हॉलमध्ये गेला तो कायमचाच. अल्टिमेटचं तसं झालं नाही. १७५ ग्रॅमची डिस्क वाऱ्याशी भांडू शकते, म्हणून वारा हा खेळाचा भाग राहिला आणि हॉल ही सोय झाली. थंडीच्या देशांत हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो म्हणून मंडळी आत खेळतात. आपल्याकडे कारण पाऊस, आणि खरं सांगायचं तर मैदान न मिळणं.

हॉलमध्ये वारा नसतो, वेळही नसतो

आमचा पहिला ‘हॉल’ हॉल नव्हताच. गटातल्या एकीच्या मामांचं मंगल कार्यालय होतं. आषाढ ते कार्तिक लग्नाचे मुहूर्त नाहीत, कार्यालय रिकामं; रविवारी सकाळी दोन तास खेळा म्हणाले. जेमतेम वीस मीटर लांबी, तीन विरुद्ध तीन, एका टोकाला बोहल्याचा चौथरा हाच एंड झोन. आणि मधोमध झुंबर. कार्यालयाची देखभाल करणारे काका पहिल्या दिवशी खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, “खेळा बिनधास्त. फक्त त्याला लागलं तर तुळशीच्या लग्नाआधी भरून द्यायचं.” त्या दिवसापासून आमच्यापैकी एकानंही खांद्याच्या वर डिस्क टाकली नाही. तीन महिन्यांत आमचे सगळ्यांचे थ्रो इतके सपाट आणि नेमके झाले की कुठल्या प्रशिक्षकालाही ते शिकवायला वर्ष लागलं असतं. टाइल्सवर घसरून मी मात्र गुडघा फोडून घेतला. त्याची खूण अजून आहे.

खऱ्या हॉलमध्ये झुंबर नसतं, पण छत असतंच, आणि छताला, दिव्याला लागलेली डिस्क सहसा बाहेर गेली असं धरतात. बॅडमिंटनच्या हॉलचं छत बऱ्यापैकी उंच असतं, तरी उंच उडवून दिलेला लांब पास तिथं फारसा उपयोगाचा नाही. २८ मीटर तर मध्यम हाताचा खेळाडू एका थ्रोत पार करतो.

हॉलमधल्या खेळाचं सगळं या २८ मीटरमध्ये आहे. मैदानावर डिस्क समोरच्यांच्या टोकाला पडली तर तुम्ही सुरक्षित नसलात तरी समोरच्यांना लांबचा पल्ला असतो. हॉलमध्ये ‘लांब’ असं काही नाहीच. डिस्क जिथं असेल तिथून गोल एका पासवर. वाऱ्यात लांब भिरकावून देण्याची जी युक्ती वर सांगितली ती इथं करून बघा: डिस्क पडते, समोरचा उचलतो, मागे वळून टाकतो, गोल. तुमचा बचाव अजून पाठमोरा पळतच असतो. चूक बाहेर झाली तर ती निस्तरायला मिनिटभर मिळतं, आत चार सेकंद मिळत नाहीत.

शिवाय घड्याळही आखडतं. डिस्क हातात आली की समोरचा बचावपटू, म्हणजे मार्कर, मोठ्यानं मोजायला लागतो. मैदानावर दहापर्यंत, हॉलमध्ये सहसा आठपर्यंत. तेवढ्यात डिस्क हातातून सुटली नाही तर ताबा गेला. दोन सेकंदांनी काय होतं असं वाटेल. बाहेर दहामध्ये एक माणूस पुढं धावून येतो, तो जमला नाही तर दुसरा, तोही नाही तर मागचा हँडलर, म्हणजे डिस्क खेळवत ठेवणारा खेळाडू, परतीचा छोटा पास घ्यायला येतो. तीन संधी. आठमध्ये अडीच बसतात, आणि ती अर्धी संधी म्हणजे घाबरून टाकलेला थ्रो. मार्करचं “पाच... सहा...” कानाशी घुमत असतं, लाकडी जमिनीवर बुटांची चुंईचुंई चालू असते, वीस मीटर रुंदीत तुमचे चार आणि त्यांचे पाच जण नाचत असतात. मैदानावर डोकं थंड असणारी माणसं हॉलमध्ये सातव्या सेकंदाला भिंतीवर डिस्क मारताना मी पाहिली आहेत. मीही मारली आहे.

मग हॉलमध्ये चालतं काय? भिडूनं मागितल्यावर टाकली तर उशीर होतो. तो मोकळा होणार हे ओळखून आधी टाकावी लागते. जागा इतकी कमी असते की मोकळेपणा एखाद्या पावलापुरता आणि अर्ध्या सेकंदापुरता. बाहेर कटर, म्हणजे पास घ्यायला धावणारा, वीस मीटर पळून अचानक उलटा फिरतो. आत तेच काम खांद्याच्या एका हुलकावणीत उरकतो. बचाववाल्याला दोन पावलं बाजूला सरकून दुसऱ्याचाही पास मारता येतो, ही चोरटी वाट हॉलमध्ये फार सुपीक आहे. म्हणून चांगले हॉलवाले पास देताना झेलणाऱ्याकडे बघतच नाहीत, त्याच्या बाजूला कोण सरकतंय ते बघतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिस्क दिल्या दिल्या पळायचं. देऊन कौतुक बघत उभं राहायची चैन बंगलेवाल्यांना.

एकाच बाबतीत हॉल दयाळू आहे. वारा नसल्यामुळे डिस्क तुमच्या हातानं जे सांगितलं तेच करते. चुकली तर चूक तुमचीच, सबब नाही. हात तपासून घ्यायला म्हणून मला हॉल आवडतो.

पाय, गुडघे, टर्फ

कबड्डी मातीतून मॅटवर आली तेव्हा पायात बूट आले, पळण्याचा वेग बदलला, पकडी बदलल्या; जुने लोक अजून हळहळतात. जमीन बदलली की खेळ बदलतो हे मराठी माणसाला वेगळं समजवायला नको. अल्टिमेटमध्ये गवतावर स्टड लागतात आणि डिस्कसाठी सूर मारणं, ज्याला लेआउट म्हणतात, हा खेळाचा दागिना आहे. लाकडी किंवा सिंथेटिक कोर्टावर स्टड घालून गेलात तर हॉलचे काका तुम्हाला दारातूनच परत पाठवतील. तिथं डाग न पाडणारे गम सोलचे बूट. ते जमिनीला इतके घट्ट धरतात की पाय थांबतो आणि गुडघा पुढं जातो. बाहेर दमछाक जास्त, फुप्फुसं फाटतात; आत धक्के जास्त, घोटे आणि गुडघे बोलतात. हॉलमध्ये सूर मारू नका एवढं मी नव्यांना बजावते. माझं ऐकून आजवर कुणी थांबलेलं नाही.

आता पुण्याची खरी गोष्ट. हँडबॉलच्या मापाचा हॉल शहरात सहजी मिळत नाही. बालेवाडीसारखी संकुलं आहेत, पण दहा-बारा जणांच्या हौशी गटाला दर आठवड्याला तिथली वेळ मिळणं हा वेगळाच खेळ. त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांचं ‘इनडोअर’ म्हणजे टर्फ. बाणेर, वाकड, कोथरूड, खराडी, जिकडं बघाल तिकडं जाळीनं वेढलेली हिरवी चौकट, तासावर भाडं. खाली कृत्रिम गवत, त्यात रबराचे काळे दाणे, जे घरी येऊन बूट काढल्यावर हॉलभर पसरतात आणि आईचा पारा चढवतात.

टर्फ हे ना घर ना घाट. माप लहान, त्यामुळे डावपेच हॉलचे. पण वर आभाळ आणि बाजूला जाळी, त्यामुळे वारा आहेच, आणि तो मैदानासारखा सरळमार्गीही नाही. इमारतींमधल्या किंवा गच्चीवरच्या टर्फवर खाली वारा पूर्वेचा वाटतो आणि डिस्क कठड्याच्या वर गेली की पश्चिमेचा निघतो. डोक्याच्या वर टाकू नये, एवढं झुंबरवालं शहाणपण तिथंही कामाला येतं. दुसरी भानगड जाळीची. अल्टिमेटमध्ये रेषेबाहेर म्हणजे बाहेर; पण टर्फवर रेषा आणि जाळी चिकटलेल्या, म्हणजे झेल घ्यायला जोरात धावणारा थेट जाळीत. आम्ही जाळीपासून दोन पावलं आत कोन ठेवून आमची वेगळी रेषा आखतो आणि जाळीला लागून परत आलेली डिस्क बाद धरतो. काही गट ती जिवंत धरतात. तेव्हा खेळ कॅरमसारखा होतो. मजा येते, पण मग त्याला अल्टिमेट म्हणू नये असं माझं मत. आणि तासाचं शेवटचं मिनिट चालू असताना फाटकाशी बॅट टेकवून उभं असलेलं कुणीतरी विचारणारच, “झालं का तुमचं? नऊचं बुकिंग आमचं आहे.”

पंच नाही, आणि भिंत जवळ आहे

खेळाडूच पंच, हा अल्टिमेटचा सगळ्यात जुना रिवाज आणि जागतिक स्पर्धांतही तो पाळला जातो. मला धक्का लागला असं वाटलं तर मी ‘फाउल’ म्हणते. समोरच्याला पटलं तर ठीक, नाही पटलं तर तो ‘कॉन्टेस्ट’ म्हणतो, दोघं थोडक्यात बोलतो, आणि तरी एकमत नसेल तर डिस्क बहुधा आधीच्या टाकणाऱ्याकडे परत जाते. सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांना वागणुकीचे गुणही देतात: नियमांची जाण, अंगाला अंग लागणं, न्यायबुद्धी, स्वतःवरचा ताबा, आणि बोलणं. प्रत्येकी ४, एकूण २०.

बाहेर हे सोपं जातं कारण माणसं लांब असतात. हॉलमध्ये धक्के रोजचेच आणि प्रत्येक धक्क्याला थांबलं तर तासाचं भाडं वाया. म्हणून आम्ही खेळाआधीच ठरवतो की साधी खांदेघासणी सोडून द्यायची, पण कुणी हवेत असताना खालून घुसलं तर लगेच थांबायचं. भिंत दोन मीटरवर असताना हवेतल्या माणसाला दिलेला हलका धक्काही हलका राहत नाही.

सुरुवात कुठून करावी असं नवे लोक विचारतात. मी म्हणते, बाहेरून. पहिले दीड-दोन महिने मैदानावर, जमलं तर थोड्या वाऱ्यात. हॉलमध्ये पहिल्या दिवसापासून थ्रो सरळ जातात आणि आपल्याला येतं असा समज होतो; तो नंतर सुबाभळीत अडकतो. वाऱ्यात शिकलेल्या हाताला आत गेल्यावर फक्त घाई शिकावी लागते. माझ्या गटातलेच दोघं याच्या बरोबर उलट सांगतात: आधी झेलायला आणि निर्णय घ्यायला शिकू दे, वारा काय नंतर आहेच, बाहेर पहिल्याच दिवशी डिस्कमागे धावून पोरं कंटाळतात आणि परत येत नाहीत. त्यांचंही खोटं नाही. आमचा अकरावीवाला हॉलमधूनच आला आणि टिकला.

ती डिस्क त्या दिवशी शेवटी वॉचमनकाकांनी बांबूनं काढून दिली. त्यानंतरचे दोन रविवार तो मुलगा थ्रो टाकायच्या आधी चिमूटभर गवत उपटून हवेत सोडायचा आणि ते कुठं जातंय ते बघायचा. मग मंगळवारी टर्फवर आलो, तर तिथंही खाली वाकला. हातात रबराचे काळे दाणे आले. त्यानं तेही हवेत सोडले. दाणे सरळ खाली पडले, आणि मागून मार्कर मोजत होता, “तीन... चार...”

या महिन्यात आम्ही पुन्हा मैदानावर आहोत, रविवारी सकाळी साडेसहाला. बघायला किंवा खेळायला आलात तर पाण्याची बाटली आणा, आणि एक पांढरा व एक गडद टीशर्ट. संघ तिथंच पाडतो.